पालघरच्या पायांना काय हवं

तारापूर एमआयडीसीतला कामगार पाळीचे आठ तास, ओव्हरटाइम धरला तर बारा तास, काँक्रीटवर उभा असतो. त्याच पालघर तालुक्यात सातपाटीला मासळी उतरवणाऱ्या बाईचे पाय पहाटेपासून खाऱ्या पाण्यात आणि वितळलेल्या बर्फात असतात. मनोरच्या बाजूला आवणीला उतरलेल्या माणसाचे पाय दिवसभर शेताच्या चिखलात. तालुका एक, पण पायाखालची जमीन तीन तऱ्हांची. म्हणून ‘चांगली चप्पल कोणती?’ असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो, दिवसभर पाय कशावर आणि कशात असतात? त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय दुकानात जाण्यात अर्थ नाही. जाहिरातीतला पाय वातानुकूलित खोलीत गालिच्यावर चालतो, आपला नाही.

एका पावलात २६ हाडं आणि ३३ सांधे असतात. दोन्ही पावलं मिळून ५२ हाडं, म्हणजे शरीरातल्या एकूण २०६ हाडांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा नुसत्या पावलांत. एवढी बारीक जुळणी असते ती पावलाला दोन परस्परविरोधी कामं करता यावीत म्हणून. टाच टेकताना पाऊल सैल पडून धक्का पचवतं आणि चवड्यावर वजन येताच तेच पाऊल ताठ होऊन शरीर पुढे ढकलतं. या दोन्हींच्या मध्ये असते पायाची कमान. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत एक जाड, चिवट पडदा तळव्याखालून गेलेला असतो. तो धनुष्याच्या दोरीसारखा ताणलेला राहतो, म्हणून कमान टिकते. पादत्राणाचा ‘आधार’ म्हणजे या कमानीखाली मोठा उंचवटा, असा समज दुकानदारांनीच पसरवला आहे. खरा आधार तीन ठिकाणी बघायचा असतो. टाच इकडेतिकडे न हलता धरून ठेवणारा मागचा कप, मधोमध न मुडपणारा तळ आणि बोटांना पसरायला पुढे मोकळी जागा. या तीन गोष्टी असतील तर साध्या बुटातही कमान आपलं काम नीट करते.

आता आधी तारापूरकडे वळू, कारण इथे पादत्राण ही निवडीची नाही, नेमून दिलेली वस्तू आहे.

रसायनं, औषधं, कापड आणि पोलाद असे चार तऱ्हांचे कारखाने एकाच वसाहतीत असल्यामुळे इथल्या पायांवरचे धोकेही चार तऱ्हांचे आहेत. तरी बहुतेक ठिकाणी एकच काळा सेफ्टी शू सगळ्यांच्या पायात दिसतो. भारतीय मानक आयएस १५२९८ च्या भाग २ मध्ये या बुटाची कसोटी दिली आहे. पुढच्या टोपीने २०० ज्यूलचा आघात सोसला पाहिजे, म्हणजे २० किलोची वस्तू साधारण एक मीटरवरून बोटांवर पडावी तेवढा मार. शिवाय सुमारे दीड टनाचा दाबही. बुटाच्या जिभेवर किंवा तळावर हा क्रमांक आणि आयएसआयचं चिन्ह छापलेलं असतं. त्याशेजारी एस-१, एस-२, एस-३ अशी खूणही असते. एस-१ मध्ये टाचेखाली धक्का पचवण्याची सोय असते आणि तळ अंगावरची स्थिर वीज जमिनीत सोडतो. एस-२ मध्ये वरचं चामडं काही काळ पाणी आत येऊ देत नाही. एस-३ मध्ये खिळा आरपार जाणार नाही असा मधला थरही असतो. भंगार, पत्र्याचे तुकडे, बांधकामाचे खिळे असतील तिथे एस-३ शिवाय भागत नाही. नुसती पोलादी टोपी बसवलेला बिनचिन्हाचा बूट वरून अगदी तसाच दिसतो, पण त्याच्या टाचेखाली धक्का पचवणारं काही असतंच असं नाही.

आता साइजचा मुद्दा. साधा चामडी बूट महिन्याभरात पायाच्या घडणीप्रमाणे थोडा सैल होतो. पोलादी टोपी कधीच ताणत नाही. पहिल्या दिवशी करंगळी टोपीच्या कडेला घासत असेल तर वर्षाच्या शेवटीही ती घासतच राहणार. अंगठ्याचं नख काळं पडणं, नखाची कड मांसात घुसून नखुरडं होणं, करंगळीवर कुरूप येणं, यांमागे बहुतेक वेळा हाच चुकीचा साइज असतो. ठेकेदाराकडच्या कामगाराला अनेकदा साइज न विचारता पोत्यातून निघेल तो जोड मिळतो आणि ‘वापरून सैल होईल’ असं सांगितलं जातं. होत नाही. मग माणूस मागची कड दुमडून बुटाची सपाता करून टाकतो आणि त्याच क्षणी टाचेचा आधार संपतो, घसरण्याचा धोका वाढतो. सुरक्षेच्या सोयींचे पैसे कामगाराकडून वसूल करायचे नाहीत, हे १९४८ च्या कारखाना कायद्याने कलम ११४ मध्येच सांगून ठेवलं होतं. बरोबर मापाचा बूट मागणं हा हट्ट नव्हे. न बसणारा बूट पायात असून नसल्यासारखाच, हे सुपरवायझरला ठणकावून सांगायला कुणीही कचरू नये.

आम्ल किंवा कॉस्टिक हाताळणाऱ्याला चामड्याचा सेफ्टी शू पुरत नाही. कॉस्टिक चामड्यात मुरतं, ते कुजवतं आणि मोज्यापर्यंत पोहोचल्याचं कळेपर्यंत कातडी भाजलेली असते. तिथे पीव्हीसीचे गमबूट लागतात. त्यांचं मानक आयएस १२२५४. गमबूट घालताना एक चूक मात्र सर्रास दिसते. पँट बुटात खोचली जाते. दिसायला ती नीटनेटकी दिसते, पण वरून ओघळलेलं रसायन थेट बुटाच्या आत उतरतं आणि तिथे साचतं. पँटचे पाय गमबुटाच्या बाहेरूनच सोडायचे. रसायन आत गेलंच तर आधी बूट आणि मोजा काढायचा, तोही वाहत्या पाण्याखाली, आणि मग निदान १५ ते २० मिनिटं पाय धूत राहायचं. बूट न काढता वरून पाणी ओतत बसण्याचा उपयोग नाही. बुलेट ट्रेनच्या कामावर आणि गावोगावच्या इमारतींवर ओल्या सिमेंटमध्ये उभ्या राहणाऱ्यांनाही हेच लागू आहे. ओलं सिमेंट तीव्र अल्कली असतं. ते लगेच चटका देत नाही, म्हणून संध्याकाळपर्यंत गमबुटात शिरलेल्या सिमेंटसह माणूस काम करत राहतो आणि रात्री घोट्याभोवती खोल जखम दिसते.

किनाऱ्यावरच्या दमट हवेचा आणखी एक परिणाम लोकांना चकित करतो. कपाटात ठेवलेला, जेमतेम वापरलेला बूट दोन-चार वर्षांनी काढला की त्याचा तळ ढेकळांसारखा सुटून हातात येतो. पॉलियुरेथेनचा तळ हवेतल्या बाष्पाने हळूहळू तुटत जातो, न वापरता ठेवलेला तर जास्तच. त्यामुळे ‘नवा जोड जपून ठेवू, जुना संपल्यावर काढू’ हा हिशेब पालघर-बोईसरमध्ये चालत नाही. दोन जोड असतील तर आलटून पालटून वापरावेत. तसं केलं की दिवसभराच्या घामाने ओलं झालेलं अस्तर पुरतं वाळायला एक दिवस मिळतो. आत रद्दी कोंबून ठेवली की ते लवकर वाळतं.

काँक्रीटवर उभं राहणाऱ्यांची नित्याची तक्रार टाचदुखीची. सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेखाली सुरी खुपसल्यासारखी कळ येते, चार-दहा पावलांनी ती ओसरते आणि संध्याकाळी पुन्हा डोकं वर काढते. ही खूण इतकी ठरलेली आहे की अनुभवी डॉक्टर निम्मं निदान त्यावरच करतो. वर सांगितलेल्या तळव्याच्या पडद्याचं टाचेकडचं टोक सततच्या ताणाने झिजतं, त्यातून हे होतं. मग एक्स-रे काढला जातो, त्यात टाचेच्या हाडाला काट्यासारखं टोक दिसतं आणि घरभर ‘टाचेचं हाड वाढलंय’ अशी धास्ती पसरते. असं टोक अजिबात न दुखणाऱ्या पुष्कळ लोकांच्या एक्स-रेमध्येही असतं. बहुतेकांच्या दुखण्याचं कारण ते नसतं आणि ते काढून टाकायची गरजही सहसा पडत नाही.

उपाय कंटाळवाणा आहे, पण काम करतो. भिंतीला हात टेकवायचे, दुखरा पाय मागे ठेवायचा, टाच जमिनीवर आणि गुडघा सरळ. पोटरीला ताण जाणवेल इतकं पुढे झुकायचं आणि अर्धा मिनिट थांबायचं. असं दिवसातून तीन-चार वेळा. सकाळी उठण्याआधी अंथरुणातच पायाची बोटं हाताने नडगीकडे ओढून तळवा ताणायचा, म्हणजे रात्रभर आखडलेल्या पडद्यावर पहिल्याच पावलाचा झटका बसत नाही. पाण्याची छोटी बाटली बर्फ करून तळव्याखाली पाच-दहा मिनिटं फिरवली की दिवसअखेरची कळ कमी होते. बुटात टाचेखाली सिलिकॉनचा कप. वजन जास्त असेल तर ते उतरवणं. बहुतेकांचं दुखणं याने बरं होतं, पण आठवड्यात नाही, काही महिन्यांत. मधेच कंटाळून टाचेत स्टेरॉइडचं इंजेक्शन वारंवार घेणं धोक्याचं आहे. तो पडदा फाटू शकतो आणि टाचेखालची चरबीची गादी पातळ होते. ती गादी पुन्हा भरून येत नाही.

घरातल्या फरशीकडेही बघायला हवं. पूर्वी पालघर-डहाणूच्या घरांत शेणाने सारवलेली जमीन होती. ती थोडी दबायची. आता पाड्यांवरच्या घरकुलांतही सिरॅमिकच्या लाद्या आल्या आहेत. ज्या बाईचा अर्धा दिवस ओट्यापुढे अनवाणी उभं राहण्यात जातो, तिची टाच कारखान्यातल्या माणसाइतकीच कठीण जमिनीवर असते, फक्त तिच्या पायात काहीच नसतं. घरात चप्पल घालणं आपल्याकडे अनेकांना पटत नाही, देवघर असतं, स्वयंपाकघराचं सोवळं असतं. त्यावर तोडगा सोपा आहे. बाहेर कधीही न जाणारा, मऊ आणि मागे पट्टा असलेला एक वेगळा जोड फक्त घरासाठी ठेवायचा. टाचदुखीच्या बाईला औषधाच्या गोळ्यांपेक्षा त्याचा फायदा जास्त होतो, असं माझं ठाम मत आहे.

जूनपासून मात्र कठीण जमिनीपेक्षा ओलीचा त्रास मोठा असतो. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या बेचक्यात कातडी पांढरी, फुगलेली, सोललेली दिसू लागली, खाज सुटली, वास येऊ लागला की चिखल्या झाल्या. शेतातल्या पायांना त्या होतात तशाच बारा तास नायलॉनच्या मोज्यात आणि बंद बुटात घामेजलेल्या पायांनाही होतात. आधी ओलीने कातडी भिजून कमकुवत होते, मग बुरशी आणि जिवाणू तिथे घर करतात. करंगळीजवळची जागा सगळ्यांत अरुंद, म्हणून सुरुवात तिथून. अंघोळीनंतर तळपाय पुसणारे पुष्कळ, बेचके पुसणारे फार थोडे. जुन्या सुती धोतराचा किंवा साडीचा एक तुकडा वेगळा ठेवावा आणि प्रत्येक बेचका त्याने कोरडा करावा. कारखान्यात जाणाऱ्याने डब्यासोबत मोज्यांचा दुसरा जोड न्यावा आणि जेवणाच्या सुट्टीत बदलावा. जाड सुती मोजा घाम शोषतो, पण निव्वळ सुती मोजा एकदा भिजला की भिजलेलाच राहतो. सुतात थोडा कृत्रिम धागा मिसळलेला मोजा या हवेत बरा.

चिखल्यांना मेंदी लावण्याची रीत जुनी आहे. मेंदीने कातडी कोरडी पडते आणि खाज थांबते, त्यामुळे अगदी सुरुवातीला तिचा उपयोग होतो. फक्त ती पानांची मेंदी हवी. बाजारातल्या काळ्या मेंदीच्या कोनात केस रंगवायचं रसायन असतं, ते सोललेल्या कातडीला भाजून काढतं. त्रास वाढला तर क्लोट्रिमाझोलचं किंवा टर्बिनाफिनचं साधं मलम डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस लावावं, खाज थांबली म्हणून मधेच सोडू नये. आणि औषधाच्या दुकानातून ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हणून घेतलेल्या मलमावरची नावं वाचावीत. क्लोबेटासोल, बेटामेथासोन यांपैकी काही दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. त्याने दोन दिवसांत खाज जाते, लाली जाते आणि बुरशी आत निवांत पसरते. देशभरात गेल्या काही वर्षांत औषधांना न जुमानणारे गजकर्णाचे प्रकार वाढले, त्यामागे हीच मिश्र मलमं मोठं कारण असल्याचं त्वचारोगतज्ज्ञ सतत सांगत आले आहेत. चिखल्यांकडे दुर्लक्ष करू नये त्याचं आणखी एक कारण आहे. त्या फटीतून जिवाणू आत गेले की अख्खा पाय लाल, गरम, टणक सुजतो आणि थंडी वाजून ताप भरतो. मग मलमाचं काम राहत नाही, अँटिबायोटिक लागतं, कधी दवाखान्यात दाखल व्हावं लागतं.

भाताच्या शेतात गमबूट घाला, असा सल्ला शहरातून दिला जातो. ज्याने आवणी केली आहे त्याला ठाऊक आहे की चिखलात गमबूट रुततो आणि पाय बुटातून निघून वर येतो. बांधावर, गवतात, रात्री पाणी सोडायला जाताना गमबूट जरूर हवा. घोणस चावते ती बहुतेक घोट्याच्या आसपासच. पण प्रत्यक्ष चिखलात अनवाणीच उतरावं लागत असेल तर उतरण्याआधी बेचक्यांत आणि टाचांना व्हॅसलीन किंवा खोबरेल चोपडावं, कापलं-खरचटलं असेल तर त्यावर पाणी न शिरणारी पट्टी लावावी आणि वर आल्याबरोबर स्वच्छ पाण्याने, साबणाने पाय धुऊन वाळवावेत. उंदरांच्या मुतातून शेताच्या पाण्यात येणारे लेप्टोचे जंतू टाचेच्या भेगेतून किंवा ओरखड्यातून शिरतात. चिखलात उतरल्यानंतर एक-दोन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या कमालीच्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले तर ‘आवणीला जात होतो’ हे डॉक्टरांना आपणहून सांगावं. वेळेवर दिल्या तर साध्या गोळ्यांनी हा आजार बरा होतो, उशीर झाला तर मूत्रपिंडावर जातो.

किनाऱ्यावर चिखल्यांच्या जोडीला काटे असतात. सातपाटी, मुरबे, नवापूर, चिंचणी, कुठल्याही बंदरावर शिंगाळ्याचा काटा किंवा पाकटाच्या शेपटीचा दंश न झालेला कोळी विरळाच. या दोन्हींचं विष प्रथिनाचं असतं आणि उष्णतेने निकामी होतं. म्हणून जखम वाहत्या पाण्याने धुवावी आणि सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांपर्यंत, अर्धा ते दीड तास पाय बुडवून ठेवावा. कळ लक्षणीय कमी होते. पाण्याचा अंदाज मात्र दुसऱ्या कुणी हात घालून घ्यावा, कारण दुखणाऱ्या पायाला चटक्याची जाणीव राहत नाही. काट्याचं टोक आत मोडलं असेल तर ते घरी सुईने कोरू नये. धनुर्वाताची लस घ्यावी. काही तासांतच सूज वर चढू लागली, कातडीवर काळसर फोड आले तर रात्र काढू नये, तडक मोठ्या दवाखान्यात जावं. समुद्राच्या पाण्यातले काही जिवाणू, विशेषतः मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्यांत, फार वेगाने पसरतात.

भेगांबद्दल थोडक्यात. तळव्याच्या कातडीत घामाच्या ग्रंथी भरपूर असतात, तेलाच्या अजिबात नाहीत. बाहेरून स्निग्धता दिली नाही तर ती सुकून फाटणारच. मागे उघडी सपाट चप्पल घातली की वजनाने टाचेची चरबी बाजूला पसरते आणि कड तडकते. म्हणून मागून बंद पादत्राण हा भेगांवरचाही उपाय आहे. कोमट पाण्यात दहा मिनिटं पाय, मग वजरी हलक्या हाताने, कोरडं करून कोकमाचं तेल किंवा युरिया असलेलं मलम, वर सुती मोजे आणि झोप. कोकणातल्या आज्या कोकमाच्या तेलाचा गोळा दिव्यावर पाघळवून भेगेत सोडायच्या. त्यातलं घट्ट तेल भेग बुजवून ओल धरून ठेवतं. ते गरम असताना मात्र सोडू नये.

आतापर्यंत सांगितलं ते दुखणाऱ्या पायांचं. न दुखणारा पाय याहून जास्त धोक्यात असतो.

आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे सांगतात की भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायांच्या नसा हळूहळू बधिर होतात. बुटातला खडा कळत नाही, घासलेलं कळत नाही, भाजलेलं कळत नाही. डहाणूजवळ विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा चैत्र पौर्णिमेपासून भरते, ऐन उन्हाळ्यात. देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी उभं राहिल्यावर साधा माणूस उड्या मारत सावलीला पळतो. मधुमेही माणूस शांतपणे रांगेत उभा राहतो आणि घरी आल्यावर तळव्याला मोठा फोड दिसतो. श्रद्धा सोडायची गरज नाही. जाड सुती मोजे घालून सकाळच्या गारव्यात दर्शन घ्यावं. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पायांची तपासणी करून घ्यावी. दहा ग्रॅम दाबाचा एक नायलॉनचा धागा तळव्याला ठिकठिकाणी टेकवतात आणि कळतं का विचारतात. दोन मिनिटांची, बिनदुखीची चाचणी आहे. ती न सांगता केली जात नसेल तर आपण मागावी.

बधिर पायाला कसलं पादत्राण हवं, हे जगाला मधुमेहाच्या आधी कुष्ठरोगाने शिकवलं आणि त्यातला मोठा भाग भारतात घडला. १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आलेले शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांच्या लक्षात आलं की रुग्णांच्या पायांची बोटं ‘रोग खाऊन टाकतो’ म्हणून झडत नाहीत. वेदनाच नसल्यामुळे तेच तेच ठिकाण दाबलं जातं, घासलं जातं, तिथे जखम होते आणि माणूस तिच्यावरून चालतच राहतो. मग जखमांवर मलमपट्टी करण्याइतकंच महत्त्व तळव्यावरचा दाब वाटून देण्याला आलं. त्यातून रबरात बारीक बंद हवेचे बुडबुडे असलेल्या मायक्रोसेल्युलर रबराच्या चपला पुढे आल्या. दवाखान्यात आजही त्यांना ‘एमसीआर चप्पल’ म्हणतात. पालघर जिल्ह्यात कुष्ठरोगाचे नवे रुग्ण अजून सापडतात आणि राष्ट्रीय कार्यक्रमातून बधिर पायांच्या रुग्णांना ही चप्पल मोफत मिळते. तिच्याकडे लाजेने बघणाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे की महागड्या दुकानांतल्या मधुमेही सँडलमागे तेच तत्त्व आहे.

एमसीआर चप्पल हातात घेऊन पाहिली की तिची रचना कळते. वरचा थर अंगठ्याने दाबला की सहज दबतो आणि सोडताच वर येतो. त्याखाली कडक रबराचा तळ असतो, काच किंवा खिळा आत येऊ न देणारा. पुढे रुंद पट्टा, मागे टाचेभोवती दुसरा, दोन्ही सैल-घट्ट करता येणारे. अंगठ्यात अडकवायची दांडी नाही, कारण बधिर पायाला साधी हवाई चप्पल टिकवून ठेवण्यासाठी बोटांनी सतत आवळून धरावी लागते आणि त्यातच बेचक्यात जखम होते. आत खिळा नाही. बाजारात ‘ऑर्थो’, ‘डॉक्टर’, ‘एमसीआर’ असं लिहिलेल्या पुष्कळ चपलांमध्ये नुसता स्पंज असतो. अंगठ्याने दाबल्यावर खड्डा तसाच राहिला तर ती परत ठेवावी.

बधिर पाय असलेल्याने रोज रात्री आरसा जमिनीवर ठेवून तळवे बघावेत किंवा घरातल्या कुणाला बघायला सांगावं. बूट पायात घालण्याआधी हात घालून चाचपावा. कुरुपावर औषधी पट्टी लावू नये, तिच्यातलं आम्ल चांगली कातडीही जाळतं. ब्लेडने तर कुरूप कापूच नये. पाऊल अचानक सुजून लाल, गरम झालं आणि दुखत मात्र नाही, असं दिसलं तर आतली हाडं खचू लागलेली असू शकतात. त्या दिवसापासून त्या पायावर वजन टाकणं बंद, आणि ताबडतोब डॉक्टर.

मुलांच्या बाबतीत पालकांची काळजी बहुधा उलट्या दिशेने चालते. पाच-सहा वर्षांपर्यंत मुलाचा पाय सपाट दिसणं नैसर्गिक आहे, कमान पुढे तयार होते. यू. बी. राव आणि बेंजामिन जोसेफ या भारतीय डॉक्टरांनी १९९२ साली ४ ते १३ वर्षांच्या २३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासून प्रसिद्ध केले. पादत्राणं वापरणाऱ्यांत सपाट पायाचं प्रमाण ८.६ टक्के होतं, अनवाणी वाढलेल्यांत २.८ टक्के. बंद बुटांत ते सर्वांत जास्त होतं. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरचं मूल काटेकुटे, विंचू-साप आणि जंत यांपासून वाचावं म्हणून त्याला चप्पल हवीच. पण केळव्याच्या वाळूत मूल अनवाणी धावत असेल तर त्याला हटकू नये. आणि वाढत्या पायाचा बूट दर तीन-चार महिन्यांनी तपासावा, दोन वर्षं चालेल असा मोठाही घेऊ नये.

खरेदीला संध्याकाळी जावं. दिवसभरात पाय थोडे सुजतात, सकाळी बरोबर बसलेला बूट चार वाजता चावतो. विरार-डहाणू मार्गावर २०१३ मध्ये उपनगरी लोकल धावू लागल्यापासून पालघर-बोईसरहून रोज मुंबईपर्यंत जाणारे वाढले. त्यांचा तर प्रवासाचा मोठा भाग उभ्याने जातो आणि घोटे सुजलेलेच असतात. रोज घालतो तेच मोजे घालून, उभं राहून, दोन्ही पायांत बूट घालून बघावा. दोन पाय सहसा सारखे नसतात, मोठ्या पायाचं माप धरायचं. सगळ्यांत लांब बोटापुढे, आणि ते अंगठाच असेल असं नाही, हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. मग बूट हातात घेऊन टोक आणि टाच दाबावी. तो चवड्याच्या ठिकाणी वाकला पाहिजे, जिथे आपली बोटं वाकतात. मधोमध दुमडला किंवा फडक्यासारखा पिळता आला तर त्यात आधार नाही. मागचा कप चिमटीत दाबून चपटा होता कामा नये. टाच दोन-तीन सेंटीमीटरहून उंच नको. कोल्हापुरी पायताण चामड्याचं, श्वास घेणारं आणि पायाच्या आकाराप्रमाणे बसणारं असतं, निरोगी पायाला ते चांगलं. टाचदुखीच्या किंवा बधिर पायाला त्याचा कठीण, सपाट तळ सोसत नाही.

आपल्याकडे बूट चावण्याचं एक मूळ मापांतच आहे. दुकानातले क्रमांक इंग्लंडच्या मापपट्टीवरून आलेले, आणि ते मुख्यतः लांबीच सांगतात. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातल्या ७९ ठिकाणी १ लाखाहून अधिक लोकांची पावलं त्रिमितीय यंत्राने मोजली. भारतीय पाऊल पुढून रुंद असतं, असं त्यातून दिसलं. रुंदी बसावी म्हणून आपण लांब बूट घेतो, मग टाच आत सरकत राहते. या पाहणीवरून ‘भा’ नावाची भारतीय मापपद्धती सुचवण्यात आली आहे. ती दुकानांत रुळेपर्यंत घरच्या घरी एक करता येतं. कागदावर उभं राहून दोन्ही पावलांची बाह्यरेषा पेन्सिलीने काढावी, कागद कापून दुकानात न्यावा आणि बुटातला सुटा इनसोल बाहेर काढून त्यावर ठेवावा. चवड्याच्या ठिकाणी कागद दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावत असेल तर तो बूट कितीही नावाजलेल्या कंपनीचा असला तरी अरुंद आहे, पुढचा काढायला सांगा.